बेटाआधी एक पावसाळा

गेल्या दिवाळीत माझे सात जुने विद्यार्थी घरी आले होते. फराळ झाला, चहा झाला, आणि त्यांच्यातल्या एकानं पिशवीतून दोनशे पानी वही काढून माझ्यापुढं ठेवली. "बाई, हे वाचा आणि खरं काय ते सांगा. घरचे ऐकूनच घेत नाहीत." पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं: समुद्रातल्या एका ओसाड बेटावर बारा कुटुंबांची वस्ती. एकच स्वयंपाकघर, एकच कोठार, सामायिक शेती, सूर्यावरची वीज, कुणाच्या नावावर काही नाही.

मी ती वही तीन दिवस वाचली. ही मुलं रिकामटेकडी नाहीत. एक बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीत मोल्डिंग करतो, एक मुलगी नर्स आहे, दोघं पुण्यात कॉम्प्युटरवर कमावतात, एकाची खानापूरकडं दीड एकर भातजमीन आहे. पदरचे पैसे घालायची सगळ्यांची तयारी आहे. त्यांना का जायचंय तेही मला कळतं. बेळगाव सीमाभागात वाढलेल्या पोरानं जन्मल्यापासून एकच वाद ऐकलेला असतो. आजा १९५६ च्या आंदोलनातला, बाप एक नोव्हेंबरला काळा दिन पाळत सायकल फेरीत जाणारा. महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा घातला तेव्हा ही पोरं बाराखडी गिरवत होती. आता ती संसाराला लागायच्या वयाची झाली, दावा आहे तिथंच आहे. घरच्या जमिनीचा उतारा कानडीत, तो वाचायला दुसऱ्याला बोलवायचं. कुणाची पिकती जमीन बायपासमध्ये गेली, कुणाचं घर भाऊबंदकीत अडकलं. अशा पोराला जिथं पाटीवर कुठली भाषा वर लिहायची हा प्रश्नच नाही, जिथं बांध नाही आणि बांधाचं भांडण नाही, अशी जागा हवीशी वाटली तर त्यात वावगं काय?

म्हणून हे स्वप्न मी खुळं मानत नाही. घरच्यांनी ते हसून उडवलं याचं मला वाईट वाटलं. पण वहीत एक मोठी चूक आहे, आणि ती या सात जणांपुरती नाही. जगभर ज्यांनी ज्यांनी बेटावर नवा संसार मांडायला घेतला त्यांच्यातले बरेच जण नेमके तिथंच फसले. त्यांनी आधी जागा शोधली. माझं म्हणणं असं की वस्ती आधी माणसामाणसांत बसावी लागते, मग जमिनीवर. वहीत सौर पॅनेल, बॅटरी आणि इन्व्हर्टर यांना एकवीस पानं दिली आहेत. पाण्याला दीड पान. आणि एखाद्याला चार वर्षांनी परत यायचं झालं तर त्यानं घातलेल्या पैशाचं काय, यावर एक ओळ नाही.

आधी त्या "ओसाड" शब्दाबद्दल बोलू. लक्षद्वीपात ३६ बेटं, सगळ्यांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर, आणि कायमची वस्ती १० बेटांवर. नकाशा बघणाऱ्याला वाटतं, उरलेली मोकळीच पडलीत. ती मोकळी नाहीत. सुहेली बेटावर कवरत्तीचे लोक नारळ उतरवायला आणि मासेमारीला जातात, बंगारम आणि तिनकरा अगत्तीकरांची. पिट्टी नावाचं वाळूचं एक टिचभर बेट आहे, ते समुद्रपक्ष्यांच्या विणीसाठी राखलंय. बाहेरच्या माणसाला लक्षद्वीपात पाऊल ठेवायचं तर परवाना लागतो, जमीन घेणं तर दूरच. अंदमान-निकोबारमध्ये आदिवासींच्या संरक्षणाचा नियम १९५६ पासून आहे, आणि राखीव भागात शिरणं हा गुन्हा आहे. आपल्या गावच्या गायरानात कुणी परका आला आणि "इथं तर कुणीच राहत नाही" म्हणून त्यानं कुंपण घातलं, तर आपण काय करू? सगळा गाव काठ्या घेऊन उभा राहील. बेटावरच्यांना तसं वाटू नये, असं आपण का धरून चालतो?

आणखी एक गोष्ट या पोरांना मी मुद्दाम सांगितली. ज्या राज्य पुनर्रचना कायद्यानं १ नोव्हेंबर १९५६ ला बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, त्याच कायद्यानं त्याच दिवशी लक्कादीव, मिनिकॉय आणि अमिनदिवी ही बेटं मद्रास राज्यातून काढून त्यांचा केंद्रशासित प्रदेश केला. लक्षद्वीप हे नाव १९७३ मधलं. त्यातलं मिनिकॉय भाषेनं वेगळं. बाकीची बेटं मल्याळम बोलतात, मिनिकॉयची महल ही मालदीवच्या दिवेहीच्या कुळातली. म्हणजे सीमेचा आणि भाषेचा प्रश्न चुकवायला समुद्रात जावं, तर तिथं आपलाच जुळा भाऊ बसलेला. त्या बेटावर उतरणारा मराठी माणूस तिथला परप्रांतीय असेल. आपण सत्तर वर्षं जे सोसलं म्हणतो, ते दुसऱ्याला सोसायला लावण्याचा अधिकार आपल्याला नाही, हे मी अगदी ठामपणानं लिहिते.

लांबच्या बेटांपेक्षा एक जवळचं बघा. कारवारसमोर अंजदीव आहे, दीड चौरस किलोमीटरच्या आसपासचं. मुंबई आंदण मिळाली म्हणून १६६२ मध्ये इंग्रज राजाचे सैनिक ती ताब्यात घ्यायला आले, पोर्तुगीजांनी ती देण्यात टाळाटाळ केली, आणि ते लोक अंजदीववर जाऊन राहिले. चारशेहून अधिक माणसं होती. पहिले दोन पावसाळे आणि त्यांच्यासोबत आलेले ताप, हगवण. त्यांचा सेनापती अब्राहम शिपमनसुद्धा तिथंच मेला. १६६५ मध्ये मुंबईत उतरले ते शंभराच्या आसपास. समोर किनारा दिसत होता, नारळ होते, पाणी होतं. पण त्या बेटावर पावसाळा कसा काढायचा हे ठाऊक असलेलं एकही माणूस त्यांच्यात नव्हतं.

आणि ग्रेट निकोबार. बेळगाव हे मराठा लाइट इन्फंट्रीचं गाव, त्यामुळं माजी सैनिकांना सरकारनं लांब कुठं जमीन दिली ही बातमी आमच्याकडं चहाच्या टपरीवरही पोचते. १९६९ पासून सरकारनं तिथं माजी सैनिकांची कुटुंबं नेऊन वसवली. पंजाबातली होती, तशी महाराष्ट्रातली होती, दक्षिणेतलीही होती. शिस्तीची माणसं, कष्टाला न भिणारी. त्यांनी जंगल तोडून नारळ, सुपारी, भात केलं, शाळा उभ्या केल्या. मग २६ डिसेंबर २००४ ला लाट आली. भूकंपानं बेटाचं दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट जवळजवळ सव्वाचार मीटर खाली गेला, तिथलं दीपगृह आता पाण्यात उभं आहे. किनाऱ्यावरच्या वस्त्या गेल्या, वाचलेल्यांना कॅम्पबेल बेजवळ हलवावं लागलं. कष्ट कमी पडले असं कोण म्हणेल? पण ते बेटही मोकळं नव्हतं, निकोबारी लोक तिथं पिढ्यान् पिढ्या राहत आले होते. आज त्याच बेटावर बंदर, विमानतळ आणि नवं शहर आणायचा सरकारी घाट आहे, १३० चौरस किलोमीटर जंगल त्यासाठी वळवायचंय, आणि जंगलातले शोंपेन आदिवासी तर जेमतेम काही शेकडा. पोरांच्या बारा झोपड्या आणि हा प्रकल्प यांची तुलना होऊ शकत नाही, ते मला कळतं. तरी दोघांची सुरुवात एकाच वाक्यानं होते: "जागा मोकळी आहे."

आता पाणी. वहीतल्या दीड पानात लिहिलंय की विहीर खणू. प्रवाळाच्या बेटावर गोड पाणी कसं असतं हे त्या मुलांना कुणी सांगितलेलंच नव्हतं, आणि भूगोल मीच शिकवला होता, तेव्हा ते काम माझंच. पावसाचं पाणी वाळूतून झिरपतं आणि खाली खारं पाणी जड असल्यामुळं त्याच्यावर तरंगत राहतं, ताकावर लोणी राहावं तसं. समुद्रपातळीच्या वर जितकं गोडं पाणी, त्याच्या चाळीसपट खाली, हा त्याचा ढोबळ हिशेब. ऐकायला भरपूर वाटतं. पण उलट बाजूनं बघा: पंप लावून वरची पातळी वीतभर खाली ओढली की खालचं खारं पाणी त्याच्या चाळीसपट वर चढतं. विहीर एकदा मचूळ झाली की पुढचे पावसाळे पुरेसे पडेपर्यंत ती मचूळच. वाळू इतकी सच्छिद्र की शोषखड्डा विहिरीजवळ असेल तर आपलंच सांडपाणी आपल्या घागरीत येतं. कवरत्तीला २००५ मध्ये समुद्राच्या खोलवरचं थंड पाणी वर आणून त्याच्या मदतीनं दिवसाला एक लाख लिटर गोडं पाणी करणारा कारखाना उभारावा लागला, तो एका राष्ट्रीय संस्थेनं. बारा कुटुंबांना ते झेपणार नाही. त्यांना एकच उपाय: पंप लावायचा नाही, पोहऱ्यानं शेंदायचं, आणि माणशी किती घागरी हे ठरवून त्यावर राहायचं. म्हणजे पाण्याचा प्रश्नही फिरून माणसांच्या नियमावरच येतो.

स्वयंपूर्णतेचंही तसंच. प्रवाळाच्या वाळूत भात होत नाही. लक्षद्वीपचा माणूस शतकानुशतकं तांदळासाठी किनाऱ्याकडं बघत आला. काथ्या वळायचा, गलबतात भरायचा, मलबार-मंगळूरच्या किनाऱ्यावर न्यायचा, बदल्यात तांदूळ आणायचा. कण्णूरच्या अरक्कल घराण्यानं काथ्याची मक्तेदारी केली तेव्हा भावही तेच ठरवत, आणि बेटावरची चूल त्यांच्या मर्जीवर पेटे. आजही तिथली बरीचशी वीज डिझेलवर चालते आणि ते डिझेल जहाजातून येतं. पावसाळ्यात समुद्र खवळला की गलबतं बंद. बेट जितकं लांब, तितकं ते दुसऱ्यांच्या होडीवर जास्त अवलंबून.

पण मला मुख्य बोलायचंय ते यापुढच्या गोष्टीवर. पाणी, वीज, धान्य यांत चुका होतात आणि त्या सुधारता येतात. माणसांतल्या चुका बेटावर सुधारत नाहीत, कारण रुसून मामाकडं जायची सोय नसते.

पिटकर्नची गोष्ट घ्या. प्रशांत महासागरातलं हे चिमुकलं बेट. १७९० मध्ये बाऊंटी जहाजावरचे नऊ बंडखोर खलाशी तिथं लपायला आले, सोबत ताहिती बेटाकडचे सहा पुरुष आणि डझनभर बायका. जमीन सुपीक, हवा चांगली, पाठलाग करणारं कुणी नाही. याहून चांगलं बेट कुणाला मिळायचं? त्यांनी पहिलं काम केलं ते जमीन वाटण्याचं. नऊ गोऱ्यांत नऊ वाटे. ताहितीच्या पुरुषांना काहीच नाही, त्यांनी राबायचं. बायकांची वाटणीही अशीच. तीन-चार वर्षांत कुऱ्हाडी आणि बंदुका चालल्या. १८०८ मध्ये एक अमेरिकन जहाज चुकून तिथं लागलं तेव्हा त्या पंधरा पुरुषांतला एकटा जॉन अ‍ॅडम्स जिवंत होता. उपाशी कुणी मेलं नव्हतं.

दुसरी चूक म्हणजे एका माणसाच्या शब्दावर वस्ती. १९०२ मध्ये ऑगस्ट एंगेलहार्ट नावाच्या जर्मन माणसानं न्यू गिनीजवळचं काबाकोन बेट घेतलं. सूर्याची उपासना करायची, फक्त नारळ खायचे, माणूस रोगमुक्त होईल, असा त्याचा पंथ. युरोपातून थोडे अनुयायी आले. काही तापानं, कुपोषणानं गेले, काही कंटाळून परतले. शेवटी तो एकटा उरला आणि १९१९ मध्ये गेला. त्या बेटावर "हे बरोबर नाही" असं त्याला सांगू शकेल अशी बैठकच नव्हती.

याउलट तिकोपिया. प्रशांत महासागरातल्या सोलोमन बेटांच्या देशातलं, जेमतेम पाच चौरस किलोमीटरचं, बाराशे-तेराशे माणसांचं. आपल्या एखाद्या मोठ्या गावच्या शिवाराएवढं. तिथं माणूस जवळजवळ तीन हजार वर्षं टिकून आहे. साधारण १६०० च्या सुमारास त्या लोकांनी एक निर्णय घेतला: बेटावरची सगळी डुकरं मारून टाकायची. डुक्कर म्हणजे त्यांची श्रीमंती, सरदाराचा मान. पण ती मळे उकरत होती, माणसाचं खाणं खात होती. सरदारांसकट सगळ्यांनी आपापली डुकरं कापली. त्यांचे लोकसंख्या रोखण्याचे काही जुने उपाय ऐकवत नाहीत इतके कठोर होते, आणि त्यांचं कौतुक मी करणार नाही. मला महत्त्वाचं वाटतं ते मान सोडण्याचं. २००२ च्या डिसेंबरअखेर झोई नावाचं भयंकर चक्रीवादळ त्या बेटावरून गेलं. घरं मोडली, झाडं गेली, कित्येक दिवस बाहेरच्या जगाला वाटलं की तिथं कुणी उरलं नसेल. माणूस एकही मेला नव्हता. वादळात कुठल्या गुहेत जायचं, कुणी कुणाला उचलायचं, हे त्यांना माहीत होतं.

आपल्याच देशातलं मिनिकॉय तर मी त्या मुलांना नकाशावर दाखवलं. साडेचार-पावणेपाच चौरस किलोमीटर, दहा हजारांच्या घरात वस्ती. तिथल्या गावांना आवा म्हणतात. प्रत्येक आवाचा एक पुरुष प्रमुख, बोडुकाका, आणि बायकांची वेगळी प्रमुख. होड्या गावाच्या, गावघर गावाचं, मोठी कामं सगळ्यांनी मिळून करायची. पुरुष पिढ्यान् पिढ्या जहाजांवर खलाशी म्हणून जातात, वर्षातले कित्येक महिने बाहेर. बेट चालतं ते बायकांवर. माझ्या विद्यार्थ्यांच्या वहीत कार्यकारिणी होती पाच जणांची. पाचही पुरुष. नर्स मुलगी कोपऱ्यात बसून हे ऐकत होती. तिच्याकडं आरोग्य विभाग दिला होता, मत नव्हतं.

आता माझा अनुभव सांगते. नोकरीची सहा वर्षं मी खानापूर तालुक्यातल्या जंगलाकडच्या एका वाडीवर काढली. चार वर्गांची एकशिक्षकी शाळा, पंचवीस-तीस मुलं. मृग लागला की ओढ्यावरचा लाकडी साकव बुडायचा आणि नारळी पौर्णिमेपर्यंत ती वाडी खरंच बेट व्हायची. मे महिन्यात बेगमी करायची: कणगीत भात, मीठ, गूळ, रॉकेल, माळ्यावर शेणी आणि लाकूडफाटा, पोरांच्या औषधाच्या बाटल्या. त्या तीन महिन्यांत पैशाला किंमत नसायची. किंमत होती ती घरात काय आहे आणि शेजारी कसा आहे याला.

एका जुलैत मला तापानं घेरलं. तिसऱ्या दिवशी शुद्ध हरपायला लागली. वाडीनं रात्रीच ठरवलं आणि पहाटे मला झोळीत घातलं. झोळी म्हणजे एक जाड वेळू, त्याला दोन टोकांना बांधलेली घोंगडी, वर प्लास्टिकचा कागद. चार जण खांदा देणारे, चार जण पाळीला, एक पुढं कोयता घेऊन वाट काढणारा, एक मागं कंदील घेऊन. ओढ्याला छातीएवढं पाणी. पलीकडं उतरल्यावर डांबरी रस्त्यापर्यंत दोन तास. मला आठवतं ते एवढंच की वेळूच्या पुढच्या टोकाखाली जे दोन खांदे होते ते ज्या दोन घरचे होते, त्या घरांत बांधावरून आठ वर्षं बोलणं बंद होतं. त्या वाटेवरही ते एकमेकांशी बोलले नाहीत. पाय मात्र एका तालात पडत होते.

बरी होऊन आल्यावर मी विचारलं तेव्हा पंच कमिटीतल्या म्हाताऱ्यानं सांगितलं, "बाई, झोळीला घरटी एक माणूस. भांडण असू दे, सुतक असू दे. ज्या घरात बाप्या नाही त्यानं शेरभर तांदूळ द्यायचा, खांदेकऱ्यांच्या पेजेला." हा नियम कुठं लिहिलेला नव्हता. कुणी मोडलाही नव्हता. असंच वार पाळण्याचं. देवीच्या नावानं ठरल्या वाराला कुणी शिवारात औत घालायचं नाही, काम करायचं नाही, हे आमच्याकडं बेळगाव-खानापुरातल्या कितीतरी गावांत अजून चालतं. श्रद्धेचा भाग ज्याचा त्याच्याजवळ. मला त्यात दिसतो तो सराव: स्वतःची निकड असतानाही, पाऊस उघडलेला असतानाही, गावानं ठरवलं म्हणून हात आवरणं. रोपलावणीला पैऱ्यानं एकमेकांच्या शेतात जातात त्यातही हेच. तिकोपियावाल्यांनी डुकरं मारली ती एका दिवसात सुचून नव्हे. पिढ्यान् पिढ्या हात आवरायची सवय असणार.

त्या वाडीचे गोडवे गाऊन मला थांबायचं नाही. वाडीपासून थोडं वर गवळी धनगरांची तीन घरं होती. झोळीला त्यांची माणसं हक्कानं बोलावली जायची. पंच कमिटीत मात्र त्यांचं कुणी नव्हतं. विहिरीवर त्यांच्या बायका सगळ्यांचं झाल्यावर यायच्या, एप्रिल-मे मध्ये तर तळाचा गाळ त्यांच्या वाट्याला. मी हे दोनदा बैठकीत बोलले. "पहिल्यापास्नं असंच हाय," एवढंच उत्तर आलं. आणि बैठकीत बोलणारी बाई मी एकटीच, तीही मास्तरीण म्हणून. पुढं त्यातलं एक घर गोव्याकडं गेलं, पाठोपाठ दुसरं. पिटकर्नवर कुऱ्हाड चालली, इथं माणसं मुकाट्यानं उठून गेली, एवढाच फरक. ज्याला वाटा नाही तो नियम का पाळेल? जुनी गावकी जशीच्या तशी बेटावर न्यायची कल्पना वहीत होती, "आपली गावसंस्था" असा मथळा देऊन. त्या मथळ्यावर मी लाल शाईनं फुली मारली.

म्हणून माझा सल्ला असा झाला. बेट शोधायचं बंद करा. आधी चार गोष्टी कागदावर आणा, आणि त्या सगळ्यांच्या सहीनं. पैसे कुणी कमी घालो, जास्त घालो, बैठकीत मत प्रत्येक माणसाला एक, नवऱ्याचं वेगळं आणि बायकोचं वेगळं. कुणाला निघून जायचं असेल तर त्याला किती दिवसांत किती परत द्यायचं ते आधीच ठरलेलं असावं. ज्याला परतीची वाट नाही तो वस्तीत राहत नाही, अडकतो. पाण्याची घागर सगळ्यांना सारखी, आजाऱ्याला आणि बाळंतिणीला जास्त. आणि सगळ्यात अवघड: तुमची डुकरं कुठली ते आजच ओळखा. म्हणजे कुठला मान, कुठली मालकी, वेळ आली तर तुम्ही सोडाल? एकानं लगेच मोबाइल म्हटलं. दुसरा बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "बाई, ती दीड एकर." त्याचं उत्तर मला जास्त खरं वाटलं.

यातली मागे घ्यायच्या पैशाची गोष्ट मुलांना रुचली नाही. "सुरुवातीलाच फुटायची भाषा कशाला?" असं त्यांचं म्हणणं. पण ऑरोव्हिल बघा. पुदुच्चेरीजवळच्या तांबड्या उघड्या माळावर १९६८ मध्ये ती वस्ती सुरू झाली, बांध घालून, झाडं लावून त्यांनी तो माळ हिरवा केला. हे काम मोठं आहे, त्याला नमस्कार करावा इतकं मोठं. पन्नास हजारांचं नगर ठरलं होतं, माणसं तीन हजारांच्या आसपास आहेत, आणि जमीन नेमकी कुणाच्या हातात, निर्णय कुणी घ्यायचा, यावरून त्यांच्यात कोर्टकज्जे झाले. इतक्या जाणत्या माणसांना जर ती गोष्ट आधी लिहून ठेवता आली नाही, तर आपण तरी ती पुढं ढकलू नये.

आमच्याकडच्या जंगलातल्या गावांचं मी इथं बोलणार आहे, कारण हा प्रश्न एकट्या सात पोरांचा नाही. भीमगड अभयारण्य २०११ मध्ये जाहीर झालं. आत गवळी, कोंगळा, पास्टोली, तळेवाडी, आमगाव अशी गावं. पाऊस असा की छत्रीचा उपयोग नाही, रस्ते पावसाळ्यात बंद, दवाखाना लांब. बाहेर यायला तयार असलेल्या कुटुंबांना सरकार १५ लाख रुपये देतं. काही जण निघालेत, काही अजून ठरवताहेत. शहरात बसून "तुम्ही किती भाग्यवान, निसर्गात राहता" असं त्यांना सांगणं मला पाप वाटतं. ज्याला निघायचंय त्याला पूर्ण पैसे, पिकती जमीन आणि मुलांना मराठी शाळा मिळून निघता आलं पाहिजे. ज्याला राहायचंय त्याला साकव आणि डॉक्टर मिळाला पाहिजे. आपल्या स्वप्नासाठी कुणी तिथं थांबावं असं म्हणायचा आपल्याला हक्क नाही. पण ही माणसं जाताना एक विद्या बरोबर घेऊन जाणार आहेत: कणगी कशी लिंपायची, कुठल्या झाडाच्या मोहरावरून पाऊस ओळखायचा, तुटलेल्या वाडीत तीन महिने भांडून-बोलून कसं जगायचं. बेटावरच्या वस्तीसाठी लागते ती नेमकी हीच विद्या. ती शिकवणारी शाळा कुठं नाही, आणि जे शिकवू शकतात त्यांतले निम्मे सत्तरीच्या पुढं गेलेत.

तर मुलांना मी म्हटलं, बेट नंतर. आधी एक पावसाळा. माझ्या त्या जुन्या वाडीवर, ती अभयारण्याच्या हद्दीबाहेर आहे, एक घर रिकामं पडलंय. मालक गोव्यात असतो, फोनवर हो म्हणाला. सातांनी मिळून राहायचं, एक चूल, एक कणगी. पाण्याच्या पाळ्या लावायच्या. झोळीची वेळ आली तर खांदा द्यायचा. धनगरांचं जे एक घर उरलंय त्या घरच्या आजीला रोज भेटायचं आणि ती काय सांगते ते लिहून घ्यायचं. मृग ते नारळी पौर्णिमा. मध्ये कुणाला परत यावंसं वाटलं तर ओढ्याला उतार बघून यावं, त्याला कुणी नावं ठेवायची नाहीत, आणि त्यानं घातलेलं धान्य मोजून परत द्यायचं. तोच तुमच्या परतीच्या नियमाचा पहिला प्रयोग.

परवा नर्स मुलीचा फोन आला होता. चार जण नक्की झालेत. पुण्याच्या दोघांची रजेची बोलणी चालू आहेत, फाउंड्रीवाला अजून काही बोलत नाही. वहीत तिनं पाच जणांच्या कार्यकारिणीचं पान फाडून टाकलं म्हणाली, आणि विचारलं, "बाई, त्या घराची कौलं कधी परतून घ्यायची?" मी सांगितलं, रोहिणी निघायच्या आत. धूळवाफेची पेरणी सुरू झाली की वाडीतला एकही माणूस कौलावर चढायला मोकळा नसतो.